नाकातली नळी आणि खांद्यावरचा हात: एका फोटोच्या दुरुस्तीचा वृत्तांत

"ताई, नळी तेवढी काढून द्या. बाकी काही करायचं नाही," असं म्हणत माझ्याकडे फोटो दुरुस्तीला आलेल्या एका बाईंनी मोबाइल माझ्यापुढे धरला.

फोटो त्यांच्या आईचा. सत्तरी ओलांडलेली बाई खुर्चीत बसलीय, अंगावर चौकड्यांची शाल, आणि तोंड उघडून, डोळे बारीक करून मनापासून हसतेय. नाकात ऑक्सिजनची नळी. ती दोन्ही गालांवरून कानांमागे गेलेली, हनुवटीखाली परत एकत्र आलेली, मग शालीवरून खाली उतरून डाव्या बाजूच्या मशिनपर्यंत. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं घरगुती मशिन, गुडघ्याएवढ्या उंचीचं. मागे भिंतीला टेकून सलाइनचा स्टँड. आणि उजवीकडून, फ्रेमच्या बाहेरून आलेला एक हात आईच्या खांद्यावर. मनगटापासून पुढचाच भाग दिसतो.

बोलता बोलता "नळी तेवढी"ची यादी वाढली. मशिन नको, स्टँड नको, हातही नको. हात आईची शुश्रूषा करणाऱ्या बाईंचा होता. या फोटोनंतर चार महिन्यांनी आई गेल्या. त्यांचा हसतानाचा हा शेवटचा फोटो, आणि तो १० बाय १२ इंचांत छापून घरात लावायचा होता.

असं काम आलं की मी आधी एक प्रश्न विचारते: ज्यांचा फोटो आहे त्यांना हे चाललं असतं का? त्या पटकन म्हणाल्या, "कोणी फोटो काढायला लागलं की आई आधी नळी काढून ठेवायची. त्या दिवशी हसण्याच्या नादात विसरली." हे ऐकल्यावर माझ्या मनातली शंका गेली. आजारपण लपवायचं म्हणून कोणी मागे लागलं असतं तर मी आणखी बोलले असते. इथे आईंचीच सवय आम्ही पुढे चालवणार होतो.

सगळीकडे मी हो म्हणत नाही. पुरावा म्हणून कुठे दाखवायचा फोटो असेल, किंवा बातमीसाठी असेल, तर एक काडीही हलवायची नाही. २०१४ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने आपल्या एका बक्षीसपात्र छायाचित्रकाराशी संबंध तोडले, ते सिरियातल्या युद्धाच्या एका फोटोच्या कोपऱ्यातला दुसऱ्या पत्रकाराचा व्हिडिओ कॅमेरा त्याने पुसून टाकला म्हणून. कॅमेऱ्याचा युद्धाशी काही संबंध नव्हता, तरीही. मला तो निर्णय योग्य वाटतो. बातमीच्या फोटोवर लोक विश्वास ठेवतात तो "तिथे जे होतं ते सगळं यात आहे" या एकाच गोष्टीवर. घरातल्या भिंतीवरच्या फोटोचं नातं वेगळ्या लोकांशी असतं, आणि ते लोक माझ्यासमोर बसले होते.

मूळ फाइल

त्यांनी दाखवलेला फोटो भावाने मेसेजिंग ॲपवरून पाठवलेला. त्याचं माप निघालं १२०० बाय १६०० पिक्सेल. १० इंच रुंदीच्या प्रिंटवर हे दर इंचाला १२० पिक्सेल पडतात, आणि इतक्यात चेहरा मऊ, धुरकट येतो. भावाच्या फोनमध्ये मूळ फाइल होती. ती "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगितली, तेव्हा ३०२४ बाय ४०३२ पिक्सेलचा फोटो हातात आला. १० बाय १२ साठी वरून-खालून थोडा कापला तरी इंचाला ३०० पिक्सेल पडत होते. चांगल्या प्रिंटसाठी सगळे धरतात ते माप.

फॉरवर्ड झालेल्या फोटोत आणखी एक त्रास असतो. दाबून लहान केलेल्या जेपेगमध्ये प्रत्येक कडेभोवती बारीक किडे आल्यासारखे ठिपके पडतात. पुसणारं टूल हे ठिपकेही भिंतीचाच पोत समजतं आणि तेच पुढे पसरवतं. दुरुस्ती कितीही जपून करा, तळच खराब असेल तर वर काही बसत नाही.

आजारी माणसाचा फोटो मी कुठल्याही वेबसाइटवर चढवत नाही. माझ्याच कॉम्प्युटरवर, इंटरनेट बंद ठेवून चालणारं टूल वापरते. गिऱ्हाइकाला हे आधी सांगते, कारण बहुतेकांना वाटतं फोटो फोनमध्येच दुरुस्त होतो. कित्येक ॲप्समध्ये तो दुसरीकडच्या सर्व्हरवर जाऊन येतो.

स्टँड आणि मशिन

स्टँड काढणं सगळ्यांत सोपं. मागे फिकट, साधी भिंत. मी लामा नावाचं मॉडेल, म्हणजे असंख्य फोटो पाहून शिकलेला एआय प्रोग्रॅम, वापरलं. ते २०२१ मध्ये आलं. मोठाले भाग पुसल्यावर उरणारी भोकं भरण्यासाठीच ते बनवलं होतं. त्याची खासियत म्हणजे फूरिए रूपांतर, म्हणजे चित्राकडे लहान-मोठ्या लहरींची बेरीज म्हणून पाहणारं गणित, वापरल्यामुळे पहिल्याच थरापासून ते सगळ्या चित्रावर नजर ठेवतं, शेजारच्या चार पिक्सेलांत अडकून राहत नाही. ब्रशने स्टँडवर रंग फिरवला, बटण दाबलं, काही सेकंदांत स्टँड गेला.

सावली राहिली. भिंतीवर एक बारीक, तिरकी, करडी रेघ, आणि ती पाडणारी वस्तूच नाही. पहिल्या नजरेला कळत नाही, पण एकदा दिसली की डोळा तिथून हलत नाही. म्हणून मास्क, म्हणजे पुसायच्या भागावर फिरवलेला रंग, वस्तूबरोबर तिच्या सावलीवर आणि प्रतिबिंबावरही फिरवावा लागतो. शिवाय कडेच्या दहा-पंधरा पिक्सेल बाहेरपर्यंत. अगदी कडेला चिकटून मास्क केला तर स्टँडच्या कडेचा करडा रंग बाहेर उरतो, आणि टूल त्या उरलेल्या रंगावरून अंदाज बांधून तिथे पुन्हा काहीतरी उभं दांडकं रंगवतं.

हे सगळं ज्यातून समजतं ती गोष्ट इथेच सांगते. या टूलांना आपण "पुसणारी" म्हणतो, पण ती पुसत काहीच नाहीत. कॅमेऱ्याने स्टँडमागची भिंत पाहिलेलीच नाही, त्यामुळे ती फाइलमध्ये कुठेही दडलेली नाही. टूल तिथे नवीन भिंत रंगवतं. २००० साली मार्सेलो बर्टाल्मिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर जो निबंध लिहिला, त्यात त्यांनी जुन्या तैलचित्रांचे उडालेले पोपडे भरून काढणाऱ्या कारागिरांचाच शब्द उचलला होता: इनपेंटिंग. त्यांची पद्धत भोकाच्या कडेला आलेल्या रेषा हळूहळू आत ओढत नेणारी होती. चिरा, ओरखडे, फोटोवर उमटलेली अक्षरं त्यात छान जात, मोठं भोक मात्र धुरकट होई. पुढे २००९ मध्ये पॅचमॅच आलं. ते फोटोतल्याच दुसऱ्या भागातले तुकडे शोधून भोकात बसवतं. शोधाची सुरुवात अंदाधुंद करतं, आणि एका तुकड्याला चांगली जोडी सापडली की शेजारच्या तुकड्यालाही तिच्याच आसपास शोधायला लावतं. २०१० च्या फोटोशॉप सीएस५ मधलं कंटेंट-अवेअर फिल, म्हणजे आजूबाजूचं पाहून जागा भरणारं टूल, याच कामातून आलं. आजची टूलं त्याही पुढे गेली आहेत: लाखो फोटो पाहून "इथे साधारण काय असतं" हे शिकलेली. २०२४ पासून तर गूगल फोटोज वापरणाऱ्या कुणालाही मॅजिक इरेझर हे पुसायचं टूल फुकट मिळतं, आणि ॲपलच्या काही नव्या फोनांमध्ये त्याच वर्षी आयओएस १८.१ बरोबर तसंच क्लीन अप आलं. रंगवणारा हात बदलत गेला, पण काम रंगवण्याचंच राहिलं.

म्हणून मी टूल निवडते ते मागे काय असणार यावरून. साधी भिंत असेल तर काहीही चालतं. ठरावीक नक्षी असेल तर तुकडे उचलणारी पद्धत बरी. आणि जिथे मागे काय होतं ते एकमेव असतं, जगात दुसरीकडे कुठेच नसतं, तिथे यांपैकी कशावरही भरवसा नाही.

मशिनमागे फरशी होती. चौकोनी फरश्या, दूर जाताना निमुळत्या होणाऱ्या सांध्यांच्या रेषा. लामाने त्या बहुतेक नीट जोडल्या, एकच सांधा मध्ये किंचित वाकला, तो मी हाताने सरळ केला. उत्सुकतेपोटी जनरेटिव्ह टूल, म्हणजे मनानेच नवीन चित्र तयार करणारं एआय, तेही लावून पाहिलं. त्याने तीन पर्याय दिले. पहिल्यात मशिनच्या जागी कुंडी. दुसऱ्यात लहानसं स्टूल. तिसऱ्यात रिकामी फरशी, पण बाकी फोटोपेक्षा जास्त चकचकीत. कारण शोधायला फार वेळ लागला नाही. गुळगुळीत फरशीत मशिनचं फिकट प्रतिबिंब होतं आणि ते मी मास्कमध्ये घ्यायला विसरले होते. प्रतिबिंब आहे म्हणजे वर वस्तू असणारच, असं टूलने धरलं आणि एक वस्तू आणून ठेवली. त्याचं काही चुकलं नाही. प्रतिबिंबासकट मास्क केल्यावर कुंडी गेली.

शालीवरच्या नळीला दीड तास लागला. चौकड्यांच्या रेषा शालीच्या घड्यांबरोबर वळत होत्या, आणि लामाने त्या सरळ ताणून दिल्या, जणू शाल खाली काही नसताना सपाट पसरलीय. इथे कंटेंट-अवेअर फिलच कामाला आलं. त्याच्या २०१८ नंतरच्या रूपात तुकडे कुठून उचलायचे ते आपण ठरवू शकतो. मी फक्त शालीचा भाग मोकळा ठेवला आणि नळी एकदम न काढता बोटभर बोटभर तुकड्यांत काढली.

गाल

आता चेहरा. या फोटोत चेहरा साधारण ९०० पिक्सेल रुंद, आणि त्यावरची नळी पंचवीसेक पिक्सेल जाड. ऐकायला किरकोळ वाटतं. गालाचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग उघडाच होता, भरायची होती ती नुसती एक पट्टी.

लामाने पट्टी भरली ती मेणासारखी. सुरकुत्या वरून येत, पट्टीपाशी थांबत आणि खाली पुन्हा सुरू होत. मग स्टेबल डिफ्यूजन या चित्रं बनवणाऱ्या एआय मॉडेलवर चालणारं जनरेटिव्ह टूल घेतलं. त्याने गाल सुंदर भरला. मला आवडलाही. पूर्ण फोटो त्यांना दाखवला, तर त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "छान आहे हो. पण ही आई वाटत नाही. आईची बहीण वाटते."

दोन्ही फोटो शेजारी ठेवून आम्ही शोधलं. डाव्या गालावर एक तीळ होता, नळीखाली निम्मा झाकलेला. उघडा राहिलेला अर्धा तीळ टूलला डाग वाटला असणार, त्याने तो साफ करून टाकला. ओठाचा कोपरा केसभर वर गेला होता. हसताना नाकापासून ओठाकडे जी घडी पडते ती जरा गोलाईदार झाली होती. बाकी काही नाही. एवढ्याने एक माणूस बदललं.

असं का होतं? हे मॉडेल फोटोवर थेट काम करत नाही. ५१२ बाय ५१२ पिक्सेलचं चित्र ते आधी ६४ बाय ६४ च्या जाळीत दाबतं. म्हणजे आठ बाय आठ पिक्सेलांच्या एका चौकोनासाठी जाळीत चार आकडे. त्या जाळीत काम करून परत चित्र उलगडतं. डोळ्याच्या कोपऱ्यातली बारीक सुरकुती मुळातच चार-पाच पिक्सेलांची. ती त्या चार आकड्यांत जशीच्या तशी टिकत नाही, उलगडताना "अशा ठिकाणी असते तशी" सुरकुती येते. आणि दाबणं-उलगडणं सगळ्याच चित्राचं होतं, त्यामुळे मास्कबाहेरचा, आपण हातही न लावलेला भागही किंचित बदलून येऊ शकतो. ओठाचा कोपरा मी मास्कमध्ये घेतलाच नव्हता. म्हणून या टूलांचं उत्तर पूर्ण फोटोवर कधीच ठेवायचं नाही. फक्त मास्कमधला तुकडा उचलून मूळ फोटोवर बसवायचा.

तेवढ्याने ओठ परत आला असता. तीळ आला नसता. तो कसा होता हे मॉडेलला माहीत असण्याचं कारणच नाही. त्याने असंख्य गाल पाहिले आहेत, हा पाहिलेला नाही.

मग मी जे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं ते विचारलं. त्या दिवशीचं आणखी काही आहे? दुसरा फोटो, व्हिडिओ, काहीही? त्यांनी भावाला फोन लावला. दोन मिनिटांचा व्हिडिओ निघाला, सकाळी आईंनी तोंड धुतल्यावरचा. टॉवेलने चेहरा टिपताहेत, नळी गळ्यात लोंबतेय, आणि कोणाच्या तरी बोलण्यावर हसायला सुरुवात करताहेत. डावा गाल उघडा, खिडकीकडे वळलेला, पूर्ण तीळ दिसतोय. तीळ गोल नव्हताच. खालच्या बाजूला किंचित लांबट होता. हे मी कुठून रंगवणार होते?

व्हिडिओ १९२० बाय १०८० चा, त्यात चेहरा जेमतेम ३८० पिक्सेल रुंद. फोटोवर बसवायचा तर अडीचपट मोठा करावा लागणार. चित्र मोठं करणारी एआय टूलं मी मुद्दाम वापरली नाहीत, कारण तीही नवीन कातडी रंगवतात आणि आपण परत तिथेच येतो. साध्या पद्धतीने मोठा केला, त्यामुळे तो धुरकट झाला, पण खोटं काही आलं नाही. मग काम दोन थरांत वाटलं. गालाचा रंग, उजेड-सावली, घडीची दिशा आणि तीळ हे व्हिडिओतून घेतलं. कातडीचा बारीक पोत, रंध्रं, फोटोचा दाणा हे फोटोतल्याच त्याच गालावरून, नळीच्या दोन बोटं वरून उचललं. सकाळचा उजेड थोडा निळसर होता, तो फोटोच्या दुपारच्या उजेडाशी जुळवला. नाकाखाली नळीची दोन टोकं आत जातात, तिथली जागा इतकी लहान होती की हीलिंग ब्रशने, म्हणजे शेजारचा पोत उचलून हाताने लावायच्या ब्रशने, घडीच्या आडवं न जाता तिच्या बाजूने ओढत भरली.

गालावर नळीचा दाब पडून उमटलेला फिकट वळ व्हिडिओतही होता, नळी नसताना. तो मी पुसला नाही. त्यांना दाखवून विचारलं, त्या म्हणाल्या, "तो असायचाच."

या गालाला पूर्ण दिवस गेला. त्या परत आल्या तेव्हा मी काही न बोलता स्क्रीन फिरवली. त्यांनी बोट पुढे केलं आणि तिळावर टेकवलं.

हात

हात काढलेला मसुदाही त्याच दिवशी दाखवला. तांत्रिकदृष्ट्या तो बरा जमला होता. बोटांखालच्या चौकड्या नीट भरल्या होत्या, सावलीही घेतली होती. तरी दोघींनाही काहीतरी खटकत होतं. मी फोटो आडवा उलटवून पाहिला, जसं आरशात पाहावं तसं. डोळ्याची सवय मोडायला हा उपाय मी नेहमी करते. आणि दिसलं. आईंची मान उजवीकडे कललेली होती, त्या हाताकडे. खांदाही त्याच बाजूने किंचित वर आला होता. हात होता तोवर ते टेकणं होतं. हात गेल्यावर मान उगाचच वाकडी दिसायला लागली, जणू तोल जातोय.

सावली आणि प्रतिबिंब मास्कमध्ये घेता येतात. कुणाच्या तरी हातावर भार टाकून बसलेलं अंग घेता येत नाही. मान सरळ करून देणारी टूलं आहेत, पण मग हसूही दुसरीकडे पाहत हसल्यासारखं होतं, आणि आपण परत बहिणीपाशी पोचतो.

मी त्यांना हे दाखवलं, काय करायचं ते सांगितलं नाही. त्या बराच वेळ दोन्ही फोटो आलटून पालटून बघत होत्या. मग म्हणाल्या, "व्हिडिओत बोलतात त्या याच. त्यांच्याच बोलण्यावर हसतेय ती." मी विचारलं, "मग हात?" त्यांनी मूळ फोटोकडे बोट दाखवलं.

हात तसाच ठेवायचा ठरला.   

छापण्याआधी गाल आणि फरशीच्या तुकड्याची लहान चाचणी-प्रिंट काढली. स्क्रीनवर जुळलेला दाणा कागदावर उघडा पडू शकतो: भरलेला भाग जास्त स्वच्छ, शेजारचा किंचित खरखरीत. फरशीवर तसंच झालं होतं. तिथे हलका दाणा टाकला, मग मोठी प्रिंट.

त्यांना तीन फाइली दिल्या: मूळ, दुरुस्त केलेली, आणि कुठे कुठे हात लावला ते रंगाने दाखवणारी. फाइलच्या मेटाडेटात, म्हणजे फोटोसोबत फाइलमध्ये दडलेल्या माहितीतही नोंद केली, पण मेसेजिंग ॲपवरून एकदा फिरला की ती माहिती बहुधा गळून पडते. उद्या नातवंडांपैकी कोणी हा फोटो भिंतीवरून काढून हातात घेईल तेव्हा त्याला फाइल कुठली मिळणार? म्हणून प्रिंटच्या मागे मऊ पेन्सिलने, कागदावर वळ उठणार नाही अशा बेताने, तारखेखाली लिहिलं: "स्टँड, मशिन व ऑक्सिजनची नळी काढली आहे. डाव्या गालाचा भाग त्याच दिवशीच्या व्हिडिओतून घेतला आहे. हात मूळचाच."